मोरीकडे अर्धा इंच जास्त

सव्वीस वर्षं मी आठवीच्या वर्गाला पाणी उताराकडे वाहतं असं शिकवत आलो, आणि यंदाच्या श्रावणात ते खरं निघालं.

आमचं गाव ब्राह्मणपुरीच्या थोडं पुढं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. त्यामुळे गावातलं पाणी, मग ते पावसाचं असो, मोटरीचं असो की कुणी चूळ भरलेलं असो, दक्षिणेलाच निघतं. वाटणीच्या वेळी वडलांनी शेताचा वरचा तुकडा मला दिला आणि खालचा माझ्या मोठ्या भावाला, नानाला. घराचंही तसंच. उत्तरेकडचं अर्धं माझं, दक्षिणेकडचं नानाचं, मध्ये भिंत, आणि भिंतीत दोन्ही स्वयंपाकघरांना जोडणारं एक मधलं दार. वाटणी अगदी न्यायाची होती. वरच्याचं पाणी खालच्याकडे जातं, एवढंच वडील विसरले.

तीन वर्षांपूर्वी मी केळीला पाणी भरत होतो. (भरत होतो म्हणजे मोटर चालू करून बांधावर घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो.) शेताचं सपाटीकरण मी स्वतः डोक्यावर उभं राहून करून घेतलं होतं, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. विसाव्या पेपरला ओरडा ऐकू आला. नाना फावडं घेऊन धावत येत होता. त्याच्या कापून ठेवलेल्या हरभऱ्याच्या ढिगांमधून माझं पाणी मजेत चाललं होतं.

"बापू! तुन्हं पानी मन्हाकडे कसं उनं?"

काहीतरी बोलणं भाग होतं. मी बांधाकडे पाहिलं आणि सगळं उंदरांवर ढकललं, "उंदरेसनी फोडा व्हई!"

"उंदरेसनी?"

"हां! मोठमोठला उंदरं शेत आठे!"

"अरे, तुन्हा वावरना ढाळच मन्हाकडे शे!"

"नाना, मी भूगोल शिकाडस! माले ढाळ नको शिकाडू!"

झालं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. मधल्या दाराला त्यानं त्याच्या बाजूनं कडी लावली, मी माझ्या बाजूनं लावली आणि वर एक लोखंडी पेटी टेकवून ठेवली. नाना माझ्याशी बोलत नसे, पण त्याच्या म्हशीशी मात्र बोलायला लागला. म्हशीचं नाव भुरी. तिला ऐकायला कमी येत असावं, कारण नाना तिच्याशी बोलायचा ते माझ्या अंगणापर्यंत स्पष्ट ऐकू यायचं.

यंदा कानबाईचे रोट आमच्या घरी होते. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि एका पंगतीला बसून रोटाचं जेवतात. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. बाहेरच्याला त्यातला घास नाही, आणि घरच्यानं चुकवायचं नाही. त्यासाठी घराला रंग द्यायचा, घर धुऊन काढायचं. माझ्या बायकोनं, मंगलानं, यंदा रंगावर भागवायचं नाही असं ठरवलं. तिला स्वयंपाकघरात त्या मोठ्या टाईल्स हव्या होत्या. चार फूट लांब, दोन फूट रुंद, आरशासारख्या. तिच्या भाचीच्या घरी तिनं पाहिल्या होत्या. इतक्या वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं (म्हणजे मिळालं नव्हतं), त्यामुळे मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात भिंतीपलीकडून जाहीर झालं, "भुरी, औंदा रोट उंदरेसना घरमा शेत. आपले काही तठे जानं नही!"

मंगला हातातलं काम टाकून माझ्यापुढं येऊन बसली. "सख्खा भाऊ पंगतमा नही, मंग कानबाईले मी काय तोंड दखाडू?"

"नही उना त नही उना," मी म्हणालो.

खोटं कशाला सांगू, मलाही नाना हवा होता. तीन वर्षं त्याच्याशिवाय शेतात गेलो की बांधावर एकट्यानं चहा प्यायला नको वाटायचं. फक्त तेवढ्यासाठी उंदीर परत घ्यायला मी तयार नव्हतो.

शांताराम मिस्तरी आला. त्यानं जुनी शहाबादी फरशी फोडली, मधल्या दाराचा उंबरठा फोडला, फोडताना आड येते म्हणून आमच्या बाजूची पेटी सरकवली, कडी काढून ठेवली, खालची मापं घ्यायला भिंतींवर कंबरेच्या उंचीला चारी बाजूंनी एका पातळीत निळी रेघ मारली आणि म्हणाला, "सर, धडगावले दोन दिननं काम शे. जास आनि येस!" तो गेला. मग पाऊस लागला, घाटात दरड कोसळली, मिस्तरी वर अडकला आणि त्याचा फोनही लागेना.

रोटाला सहा दिवस. स्वयंपाकघरात नुसती माती. गॅस व्हरांड्यात, मंगला गॅसपुढं, आणि तिच्या तोंडावर असा भाव की मी शाळेत लवकर जायला लागलो. त्यात पलीकडून भुरीला बातमी गेली, "भुरी, मिस्तरी पळना! आते बापू सोता फरशी बसाडी का काय? ज्याले वावर सपाट करता येस नही, तो!"

माझ्या मनात तोपर्यंत असलं काही नव्हतं, देवाशपथ! पण ते ऐकलं आणि मी तिथल्या तिथं बाह्या सरसावल्या. अशी फरशी बसवीन, अशी बसवीन, की नाना ती बघायला तरी घरात येईल आणि भूगोल म्हणजे काय ते त्याला कळेल!

"तुमी बसाडशात?" मंगलानं विचारलं.

"मी बसाडसू."

"तुमी त त्या दिन कॅलेंडर टांगाले तीन खिळा वाकाडात."

"खिळा इसर. सुटी टाकी दिधी मी!"

मोबाईलवर मी फरशी बसवण्याचे अकरा व्हिडिओ पाहिले. त्यातल्या माणसांना गुडघे नसावेत. मला आहेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ती टाईल एकट्यानं उचलायची नसते, मध्येच वाकून मोडते. तिला रबराच्या दोन पकडी चिकटवून दोघांनी उभी धरून न्यायची. पकड नीट धरते की नाही हे बघायला मी ती आधी फ्रीजच्या दाराला लावून ओढली. पकड उत्तम होती. फ्रीजचं दार उघडलं आणि दुधाचं पातेलं खाली आलं. पहिली टाईल आम्ही दोघांनी धरली आणि दारातून आत घ्यायला लागलो. मी म्हणालो, "डावीकडे." मंगलानं तिच्या डावीकडे घेतली, मी माझ्या. आम्ही समोरासमोर उभे होतो. टाईलचे दोन तुकडे झाले, दोघांच्या वाट्याला एकेक. वडलांच्या वाटणीइतकीच न्यायाची वाटणी!

"भुरी, एक गयी!" पलीकडून आवाज आला.

आता मी पेटलो. पंधरा टाईल्स लागणार होत्या आणि सोळा उरल्या होत्या. पण टाईल ठेवायच्या आधी खालचा सिमेंट-वाळूचा माल दाबून ढाळ, म्हणजे उतार, काढायचा असतो, मोरीकडे. आमची मोरी उत्तरेच्या भिंतीला. टाईल एवढी मोठी की तिला मध्येच वळवता येत नाही, सगळी जमीन एकाच बाजूला, एका अंगानं उतरली पाहिजे. हे व्हिडिओतला माणूस सांगत होता, पण किती उतरली पाहिजे ते सांगायच्या आत जाहिरात यायची. मी मिस्तरीला फोन लावत राहिलो. एकदाचा लागला.

"शांताराम! ढाळ कितला देऊ?"

"सर, आठे रेंज नही! आयका, मोरीकडे अर्धा इंच जास्त धरजा!"

"काय?"

"मोरीकडे अर्धा इंच जास्त! जास्त धर..." आणि फोन कटला.

मी ते लगेच भिंतीवर खडूनं लिहून टाकलं. शिक्षक माणूस. मोरीकडे अर्धा इंच जास्त. मंगला माझ्यामागं उभी राहून ते वाचत होती.

"जास्त म्हनजे वर का खाले?" तिनं विचारलं.

"जास्त म्हनजे जास्त!" मी म्हणालो. "माल जास्त टाकाना, दुसरं काय?"

आणि मी मोरीकडे अर्धा इंच माल जास्त टाकला. पट्टी फिरवली, लांबून एक डोळा मिटून पाहिलं. सुरेख उतार दिसत होता, वरून खाली, सातपुड्याकडून तापीकडे. जन्मभर डोळ्यांनी जो उतार पाहिला तोच समोर होता. मनाला इतकं बरं वाटलं, की सांगता सोय नाही.

पुढचे तीन दिवस मी जे काम केलं त्याला तोड नाही. दातेरी थापीनं चिकटवायचा माल जमिनीवर ओढायचा, टाईलच्या पाठीलाही लावायचा, टाईल अलगद टेकवायची, रबरी हातोडीनं ठोकायची, कडा सारख्या राहाव्यात म्हणून प्लॅस्टिकच्या क्लिपा घालून वर पाचरी मारायच्या. मग बोटाच्या पेरानं प्रत्येक टाईल वाजवून बघायची. ढब वाजली तर खाली पोकळ. माझी सातवी ढब वाजली. मी ती तशीच्या तशी उचलली, माल खरवडला, पुन्हा बसवली. पुन्हा ढब. पुन्हा उचलली! तिसऱ्यांदा ती टणक वाजली तेव्हा मंगलानं मला व्हरांड्यातून लाडू आणून दिला. गुडघ्यांना फडकी बांधलेली, केसांत सिमेंट, कपाळावर पाचर लागलेली, पण सांधे असे सरळ की दोरी धरावी. मी ठरवलं होतं ना!

पंधरावी टाईल बसली, माल वाळला, आणि मी परडीतून एक लिंबू घेऊन जमिनीच्या मधोमध ठेवलं. ढाळ तपासायला. लिंबू क्षणभर थांबलं, हललं, आणि गडगडत निघालं.

"दख! दख!" मी ओरडलो. "ढाळ शे!"

"शे," मंगला म्हणाली. "पन ते मोरीकडे नही, मधला दारकडे गयं."

"लिंबूले एक बाजूले टोक ऱ्हास. त्याना काय भरवसा!"

तिनं दुसरं लिंबू ठेवलं. तेही मधल्या दाराकडे गेलं. मी म्हणालो, ही लिंबं एकाच झाडाची आहेत.

मग शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी रोट. जेवणं आटोपल्यावर मंगलानं पदर खोचला, दोन मोठ्या बादल्या भरल्या आणि नवीन फरशी पहिल्यांदा धुवायला घेतली. तिच्या तोंडावरचा आनंद बघून माझे गुडघे दुखायचे थांबले. तिनं पहिली बादली उपडी केली. पाणी त्या आरशावर पसरलं, छान पातळ, आणि एका दिशेनं चालायला लागलं. मोरीकडे पाठ करून.

"ओ, पानी!" मंगला म्हणाली.

"थांब, वळी ते," मी म्हणालो. (भूगोलात नद्या वळतात.)

तेवढ्यात तिच्या धक्क्यानं दुसरी बादलीही कलंडली. आणि मग सगळं पाणी एकदम मधल्या दाराकडे निघालं. उंबरठा तर मिस्तरीनं फोडलेला. माझी जमीन आता नानाच्या जमिनीपेक्षा दोन बोटं वर. पाणी दाराखालून पलीकडे गेलं ते आवाज करत गेलं.

पलीकडे, दाराला डोकं लावून, फटीतून वारा लागतो म्हणून, नाना दुपारचा उघड्या अंगानं झोपला होता.

"बांध फुटना!" अशी आरोळी उठली, की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. "बांध फुटना रे! मोटर बंद करा! मोटर!"

भांडी पडली, वहिनी किंचाळल्या, कडी खाडकन सरकली आणि तीन वर्षं बंद असलेलं मधलं दार उघडलं. दारात नाना. डोळे अर्धे मिटलेले, डोकं निथळणारं, धोतर भिजलेलं आणि हातात फावडं. मंगलानं ओल्या हातानं डोक्यावर पदर ओढला. मोठ्या दिरासमोर ती उघड्या डोक्यानं उभी राहत नाही, पुरात सुद्धा नाही.

"बापू! तुन्हं पानी मन्हाकडे कसं उनं?"

तोच प्रश्न, तोच आवाज, तेच फावडं. आणि मी काही विचार करायच्या आत माझ्या तोंडून तेच उत्तर निघून गेलं.

"उंदरेसनी फोडा व्हई!"

नानाची झोप उतरली. त्यानं जमिनीकडे पाहिलं. पंधरा टाईल्स, एकही ओरखडा नाही, सांधे दोरीत. तो खाली वाकला आणि बोटाच्या पेरानं एक टाईल वाजवली. टणक. (त्या स्थितीतही मला बरं वाटलं.)

"याले?" नाना म्हणाला. "याले उंदीर फोडतस?"

नेमका तेव्हाच ओट्यावरचा माझा फोन वाजला. मंगलानं साडीला हात पुसून तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"सर! शांताराम बोली ऱ्हायनू! घाट उघडना बरं! त्या दिन फोन कटी गया ना, मोरीकडे अर्धा इंच जास्त म्हनजे निळी रेघथीन खाले मोजानं बरं का! खाले! नही त पानी उलटं जाई!"

"बरं," मी म्हणालो. फोन बंद झाला. पाणी चालूच होतं.

नानानं फावडं भिंतीला टेकवलं. "आते एक सांग बापू. खरं सांग. मन्हा हरभरामा पानी कोनी सोडं?"

मी भिंतीवरचं माझंच अक्षर वाचत उभा राहिलो. सहा दिवस हट्टानं जे उभं केलं होतं ते माझ्या पायाखालून माझ्याच विरुद्ध साक्ष देत होतं. लाज वाटली. आणि लाजेबरोबर, का कोण जाणे, छातीवरची पेटी सरकवल्यासारखं हलकंही वाटलं.

"मी," मी म्हणालो.

"ढाळ कोनाकडे व्हता?"

"तुन्हाकडे."

"आनि उंदरं?"

"एक बी नव्हता, नाना."

नानानं मागं वळून परसाकडे तोंड करून हाक मारली, "भुरी! आयकं का वं? एक बी उंदीर नव्हता!" आणि तिथंच, फुटक्या उंबरठ्यावर, पाण्यात बसून हसायला लागला. तो हसायला लागला की त्याला थांबता येत नाही, लहानपणापासून. मीही त्याच्याशेजारी बसलो. वहिनी पलीकडून ओल्या गोणपाटांनी पाणी अडवत आम्हा दोघांना एकाच दमात शिव्या देत होत्या.

"आते हाई उखाडनं नही," शेवटी नाना डोळे पुसत म्हणाला. "सकाय रोट शेत. मन्ही मोरी आठून चार हातवर शे. दार उघडं ठेव. तुन्हं पानी मन्हाकडून काढी देऊत." आणि फावडं उचलून त्यानं स्वतःच्या स्वयंपाकघरात, अगदी उसाला पाणी द्यावं तसं, माझं पाणी हळूहळू त्याच्या मोरीला लावून दिलं. मी बघत होतो. ढाळ खरंच त्याला समजतो.

मिस्तरी नंतर येऊन गेला. उखडून पुन्हा बसवायची का, म्हणून त्यानं विचारलं. मंगला नको म्हणाली. त्यामुळे आता रोज फरशी धुताना मधलं दार उघडावं लागतं आणि मंगलाला आधी वहिनींना हाक द्यावी लागते, "आक्का, पानी सोडस वं!" मग पलीकडची पिठाची डबी, पाट, चपला सगळं उचललं जातं, आणि उचलता उचलता चहाही होतो.

पण हे नंतरचं. दुसऱ्या दिवशी रोट होते. कानबाई बसली, मधलं दार सताड उघडं, दोन्ही स्वयंपाकघरांतून पंगत. नाना माझ्या टाईल्सवर मांडी घालून पहिल्या पाटावर. नवीन फरशीचं सगळे कौतुक करत होते आणि मी वाढताना नको तितका ताठ चालत होतो. आमच्या भाऊबंदांतले सगळ्यांत मोठे दगाआप्पा पाणी प्यायले, तांब्या जरा कलंडला आणि पाण्याची एक धार टाईलवरून निघाली. मोरीला पाठ दाखवून, तापीच्या दिशेनं. आप्पांनी ती शेवटपर्यंत बघितली.

"फरशी त झकास शे," आप्पा म्हणाले. "पन हाऊ ढाळ कोनी काढा?"

मी नानाकडे पाहिलं. नानानं पुरणपोळीचा घास सावकाश मोडला, तुपात बुडवला, तोंडात टाकला, आणि चेहरा जराही न हलवता म्हणाला, "उंदरेसनी."

सगळी पंगत बिळं शोधायला खाली वाकली. उंदीर मात्र मान खाली घालून खीर वाढत पुढं सरकला.